लिस्बनमध्ये मी कुणासाठी रडले

चहा घ्या सगळ्यांनी. पण एक अट आहे. मी सांगत असताना कुणी हसायचं नाही. हसलात तर हातातला कप काढून घेईन, आधीच सांगते! कारण मला अजून राग येतो. परदेशात जाऊन माझा जो पोपट झाला ना, तसा वैऱ्याचासुद्धा होऊ नये.

माझी सातपूरला खानावळ. कंपन्यांच्या मागच्या गल्लीत. पहिल्या पाळीची पोरं, दुसऱ्या पाळीची पोरं, सगळी माझ्याकडे जेवतात. तिथं हळू बोलून भागतं का? भाजी करपली, ओरडा. ताटात अन्न टाकलं, ओरडा. मी 'पोळ्या वाढा' म्हटलं की शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन थांबतं, असा आवाज माझा. आणि राग? तो तर नाकाच्या शेंड्यावर. आमचे हे म्हणतात, तुला फोडणी द्यायला गॅस लागत नाही.

तर आमची लेक पल्लवी नोकरीला लिस्बनला आहे. पोर्तुगालमधलं जुनं बंदर. 'आई, बाबा, या की एकदा, तुम्हाला सगळं दाखवते,' असं दर फोनला. शेवटी गेलो. खानावळ बहिणीच्या ताब्यात दिली आणि गेलो.

पहिल्या दिवसापासून डोकं तापलं बघा. सगळं गाव चढउताराचं, आणि रस्त्याला गुळगुळीत दगड. घसरले तर हाड मोडायचं! सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलं की वर देवी तरी भेटते. इथं धापा टाकत वर गेलं की काय? तर म्हणे, 'व्ह्यू'! खाली बघायचं, फोटो काढायचा आणि परत उतरायचं. अरे, मग चढवलंत कशाला?

ती पिवळी ट्राम एक. जगातून लोक तिच्यात बसायला येतात म्हणे. बसायला? उभं राहायला जागा नाही! सिन्नरच्या काळी-पिवळी जीपमध्ये मी याहून ऐसपैस बसते. आणि कुणी चिडत नाही हो! एकमेकांच्या काखेत डोकी घालून सगळे हसतायत!

मग नदीकाठचा तो बुरूज. उन्हात ही लांब रांग. पल्लवी कौतुकानं सांगतेय, "आई, इथून निघालेल्या गलबतांनी भारताचा मार्ग शोधला."

"शोधला? कुणी हरवला होता? आम्ही होतो की आमच्या जागेवर, गोदावरीच्या काठी, भाजी निवडत!"

"आई, हळू बोल ना, लोक बघतायत."

"बघू दे! विचारलं असतं तर पत्ता दिला असता म्हणावं!"

हे आपले पुढच्या माणसाची टोपी बघत उभे.

आता मूळ गोष्ट ऐका. त्या दिवशी गुरुवार. गुरुवारी मी मांस-मच्छी खात नाही, माहितीय तुम्हाला. दुपारी पल्लवी म्हणाली, जुन्या वस्तीत एक छोटंसं ठिकाण आहे, तिथं जेवू. ट्राममध्ये ती त्या ठिकाणाबद्दल पुष्कळ काही सांगत होती. पण त्याच वेळी एका धिप्पाड माणसानं माझ्या पायावर बूट ठेवला होता आणि मी त्याला मराठीत समजावत होते. त्यामुळे माझ्या कानावर एक शब्द आला नाही. यांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मला सांगितलं? नाही! विचारशील तर सांगेन, असा यांचा स्वभाव.

ठिकाण म्हणजे एक अरुंद खोली. सहा-सात टेबलं. दारावर पाटी होती, पल्लवी म्हणाली तो शब्द 'फादू' असा म्हणायचा. मी इंग्रजी अक्षरं लावून वाचलं, 'फाडो'. म्हटलं, खानावळीचं हे काय नाव? काय फाडणार आहेत आता?

पल्लवीनं वेटरला बजावून सांगितलं, आईला मांस नको, मासे नकोत. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

सूप आलं. बटाट्याचं, वरून हिरवा पाला. दिसायला बरं. चमचा घातला आणि खालून काय वर आलं? लाल चकती! मांसाची! गुरुवारी!

मी वाडगा उचलला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात. आत माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची एक बाई. एप्रन लावलेला, बाह्या वर केलेल्या.

"बाई, ये क्या है?" मी चकती दाखवली. "आज थर्सडे! नो मीट! बोला था ना?"

ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मी मराठीत बोलले. तिनं आवाज चढवला. मी सोडते का? अठ्ठावीस पोरांच्या पंगतीत मी एकटी ओरडते, ही काय! शेवटी तिनं माझ्या हातातला वाडगा घेतला, माझ्याकडे असं बघितलं, असं, जखमी वाघिणीसारखं, आणि पाठ फिरवून आत गेली.

मी विजयी होऊन जागेवर आले. "बघितलंत? असं बोलावं लागतं!"

हे म्हणाले, "अगं, ऐक, आता इथं..."

तेवढ्यात खिडक्या लावल्या. दिवे मंद केले. वेटरनं दार आतून बंद केलं. म्हटलं, झालं! आपल्याला कोंडलं!

आणि ती बाई बाहेर आली. एप्रन काढलेला. अंगावर काळी शाल. पार काळी. ती नेमकी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि तिनं जो टाहो फोडला!

कोपऱ्यात दोघे जण गिटार वाजवायला लागले होते, ते मला दिसलं. नाही असं नाही. पण हॉटेलात कुणीतरी वाजवतच असतं! माझं सगळं लक्ष त्या बाईकडे.

पहिल्यांदा मला संताप आला. ही माझी तक्रार करतेय! चारचौघांत, माझ्या तोंडावर, मला कळत नाही अशा भाषेत! मी म्हटलं, "अहो, ही बघा, मला बदनाम करते!"

शेजारचा म्हातारा वळला. "श्श्श!"

"मला श्श् करतो? मला?"

"श्श्श!" आता सगळी खोली.

हे माझ्या कानाशी लागले, "अगं, ते गा..." तर यांनाही "श्श्श!" हे लगेच गप्प. लग्नाला इतकी वर्षं झाली, जेव्हा बोलायचं तेव्हा हा माणूस कधी बोललाय?

मग मी नीट बघितलं. बाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज काळीज चिरत होता. तो म्हातारा रुमालानं डोळे पुसत होता. पलीकडची बाई हुंदके देत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळी शाल! कुणी गेलं की हे लोक काळं घालतात, सिनेमात बघितलंय मी. हिच्या घरात कुणीतरी गेलंय! बहुतेक नवरा. आणि बिचारी पोटासाठी चुलीपुढे उभी आहे, आणि मी सटवी तिला एका चकतीवरून वाट्टेल ते बोलले! आता तिचा बांध फुटला.

आता सांगा, आपल्याकडे अशा वेळी बाईमाणूस काय करतं? बसून सूप पितं?

मी उठले. ह्यांनी पदर धरला, मी सोडवला. तिच्या गळ्यात पडले, डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि मोकळा आवाज लावला, "अगं माझ्या बाई गं! कसं गं झालं हे! कसा गं सोडून गेला तुला!"

माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे.

आणि ती बाई, तुम्हाला खोटं वाटेल, थांबली नाही! तिनं मला एका हातानं घट्ट धरलं आणि अजून वरच्या पट्टीत गेली. मग मीही वर गेले. ती वर, मी वर. दाराच्या काचेतून मला पल्लवी दिसत होती. गाणं चालू असताना तिथं कुणाला आत सोडत नाहीत. ती बिचारी बाहेरून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, तिलाही कळलंय, तीही रडतेय!

गिटार थांबल्या. आणि मग टाळ्या! लोक उभे राहिले, एक जण तर खुर्चीवर चढून मोबाइल धरून उभा. मी डोळे पुसत ओरडले, "टाळ्या काय वाजवता, निर्लज्जांनो? माणूस गेलंय!"

दार उघडलं. पल्लवी धावत आत.

"आई! अगं काय करतेस? त्या गातात इथं! फादू म्हणजे गाणं! इथलं प्रसिद्ध गाणं असतं ते, दुःखाचं!"

"गाणं? म्हणजे कुणी गेलं नाही?"

"कुणी नाही! त्यांचे मिस्टर ते बघ, गिटारवाले."

तो गिटारवाला मला वाकून नमस्कार करत होता. ठणठणीत! मला असा राग आला! मी एवढी रडले, त्याच्यासाठी, आणि हा हसतोय!

"मग ती रडत होती कशाला?"

पल्लवीनं त्या बाईला विचारलं. बाई हसत हसत काहीतरी बोलली. पल्लवी माझ्याकडे बघून ओठ चावायला लागली.

"सांग ना!"

"आई, गाणं या गल्लीचं आहे. गल्लीत पूर्वी शांतता होती, आता जगभरातले प्रवासी येतात, आरडाओरडा करतात, आणि म्हातारी गल्ली रडते."

हसू नका म्हटलं ना!

त्या बाईनं मात्र जाताना माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. सूपही नवीन दिलं, बिनचकतीचं. मी रागारागात दोन वाडगे प्यायले.

संपलं असतं तिथंच. पण त्या खुर्चीवरच्या माणसानं व्हिडिओ टाकला इंटरनेटवर. कुठून कसा फिरला देव जाणे, आम्ही नाशकात पोचायच्या आधी तो सिन्नरला पोचला. आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी, माझ्या सिन्नरच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, खानावळीच्या दारात. डोक्यावर पदर, हातात पिठलं-भाकरीचा डबा. मी "या" म्हणायच्या आत गळ्यात पडल्या.

"कोण गेलं गं बाई तिकडं! आम्हाला कुणी काही सांगितलं नाय गं! फोनात तुझं रडणं बघितलं, आन् लय तुटलं गं काळीज!"

जेवणारी पोरं हातातला घास खाली ठेवून उभी राहिली. दोघांनी तर टोप्या काढल्या!

"आक्का, सोडा! कुणी नाही गेलं! गाणं होतं ते! गाणं ऐकून रडले मी!"

आक्का थांबल्या. पदरानं डोळे कोरडे केले. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि भरल्या पंगतीसमोर म्हणाल्या,

"गाणं ऐकून एवढी रडलीस व्हय? आन् सासूबाई गेल्या तवा तुझ्या डोळ्यात टिपूस नव्हता गं!"