अक्षता एकाच फ्रेमला

सगळ्या पाहुण्यांनी एकाच क्षणी उजवा हात वर केला, एकाच क्षणी अक्षता टाकल्या आणि एकाच क्षणी हात खाली घेतला. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात, मीटिंग रूमच्या स्क्रीनवर हे चालू होतं. क्लायंट गोखले मॅडम पुण्याहून कॉलवर होत्या.

"हे लग्न आहे की पी.टी.चा तास?" त्यांनी विचारलं.

शिरीष सरांनी माइक म्यूट केला आणि माझ्याकडे बघितलं. सर म्हणजे आमचे टीम लीड. मी इंटर्न. मला कंपनीत ठेवायचं की नाही, ते याच डेमोनंतर ठरणार होतं.

आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याने मंगल कार्यालय चालवायचं असतं. मांडव, जेवण, बँड, रुसलेले व्याही, सगळं सांभाळायचं. या गेममधले पाहुणे माझ्याकडे होते. आईने एकदा विचारलं होतं, "तिथं नक्की करतीस तरी काय?"

"लग्नात पाहुणे उभे करते."

"त्याला एवढं शिकायला लागतंय व्हय?"

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिला विचारायलाही दुसरं कोणी नव्हतं. तोवर आईने कामोठ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं की पोरगी परमनंट झाली. लिफ्टमध्ये लोक माझं अभिनंदन करायचे. मी थँक्यू म्हणायचे आणि मजल्यांचे आकडे बघत राहायचे.

काम असं होतं. गेममधल्या प्रत्येक माणसाचं एक मॉडेल असतं, म्हणजे त्याचं शरीर आणि कपडे. त्या मॉडेलसोबत मजकुराची एक फाईल असते, तिला मॉडेल स्क्रिप्ट म्हणतात. हा माणूस केवढा उंच, खुर्चीवर कसा बसतो, अक्षता टाकताना हात कुठून कुठे नेतो, हे सगळं त्या फाईलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. आमच्याकडे साठेक पाहुणे होते आणि प्रत्येकाची फाईल वेगळी होती. उघडून बघितलं तर नाव आणि कपडे सोडून जवळपास सगळं सारखंच. नवीन पाहुणा हवा असला की जुन्या पाहुण्याची फाईल कॉपी करायची, नाव बदलायचं. ऑफिसात ही पद्धत पहिल्यापासून होती.

मग गोखले मॅडमचा मेल आला. पाहुणे खुर्चीत रुतल्यासारखे दिसतात, जरा पुढे सरकवा. बदल एका ओळीचा होता, पण साठ फाईलींमध्ये. माझ्या शेजारी बसणारा निखिलदादा, यातले निम्मे पाहुणे त्यानेच बनवलेले, म्हणाला, "हेडफोन लाव आणि बस. दोन दिवसांत होतं."

मी घाबरत घाबरत सरांकडे गेले. म्हटलं, "सर, मॅक्रो केला तर?"

मॅक्रो म्हणजे लग्नपत्रिकेसारखी गोष्ट. पत्रिकेतला मजकूर एकदाच छापतात. प्रत्येक पाहुण्यासाठी फक्त नाव वेगळं घालतात. तसंच सगळ्यांना लागणाऱ्या ओळी एकदाच लिहायच्या, त्यांना एक नाव द्यायचं आणि मध्ये रिकाम्या जागा सोडायच्या. मग एका पाहुण्याला एक ओळ पुरते: मॅक्रोचं नाव, माणसाचं नाव, कपडे. बाकीचा मजकूर कॉम्प्युटर जसाच्या तसा तिथे चिकटवतो. तो विचार करत नाही, फक्त चिकटवतो.

"चालू गोष्टीला हात लावायचा म्हणजे…" सर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "कर. पण जुन्या फाईली उडवू नको."

करताना एक ओळ मात्र जुळेना. अक्षता किती फ्रेम उशिरा टाकायच्या, याची ती ओळ होती. गेममध्ये एका सेकंदात बरीच चित्रं भराभर येऊन जातात, त्यातलं एक चित्र म्हणजे फ्रेम. ही ओळ काही फाईलींत शून्य होती, काहींत सात, काहींत बावीस. सफारीवाल्या एका काकांच्या फाईलमध्ये चक्क चारशे होती.

मी निखिलदादाला विचारलं, "हे मुद्दाम आहे का?"

"मुद्दाम कसलं! टेस्टिंगला काहीतरी टाकलं असेल, परत शून्य करायचं राहिलं. मग त्याच फाईली पुढे कॉपी झाल्या."

"आणि चारशे?"

"चाळीस असेल. शून्य जास्त पडलं."

सरांनाही विचारलं. ते म्हणाले, "चूकच आहे ती. सगळीकडे शून्य कर."

मी केलं. साठ फाईलींची एक स्वच्छ फाईल झाली. मला ती इतकी आवडली की मी तिचा फोटो काढला.

आणि मग डेमो.

"आधीच्या व्हर्जनमध्ये किती नॅचरल होतं!" गोखले मॅडम सांगत होत्या. "एक मावशी घाईघाईने आधीच टाकायच्या. मागचे मागून टाकायचे. ते सफारीवाले काका तर सगळे जेवायला निघाले की मग टाकायचे. आमच्या अख्ख्या टीमला ते काका आवडतात. ती क्राउड सिस्टिम तुम्ही काढलीत का?"

माइक अजून म्यूट होता. "कुठली सिस्टिम?" सर म्हणाले.

"माझी," टेबलाच्या पलीकडून निखिलदादा म्हणाला.

सरांनी माइक चालू केला. "मॅडम, तिचंच काम चालू आहे. सोमवारी दाखवतो."

कॉल संपल्यावर सर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. रँडम लाव." म्हणजे प्रत्येकाचा उशीर कॉम्प्युटरनेच मनाने ठरवायचा. मी लावून बघितलं. पहिल्यांदा नवरीच्या आईने सगळ्यांच्या शेवटी टाकल्या. दुसऱ्यांदा पुढच्या अख्ख्या रांगेने भटजी उठून गेल्यावर टाकल्या. सफारीवाले काका दोन्ही वेळा अगदी वेळेवर.

"काका वेळेवर नकोत," सर म्हणाले.

कॉलेजची फी भरायला मी लग्नाच्या सीझनमध्ये कळंबोलीच्या एका हॉलवर वाढायला जायचे. असे एक काका प्रत्येक लग्नात असतात. मंगलाष्टकं चालू असताना ते फोनवर असतात. अक्षता मुठीत तशाच राहतात, आणि मग आम्ही ताटं मांडत असताना त्यांना आठवण होते. हे मी सरांना सांगितलं नाही. मॅक्रोमध्ये तिसरी रिकामी जागा केली, जुन्या फाईली उघडल्या आणि एकेक आकडा जसा होता तसा परत आणून बसवला. सात, बावीस, शून्य. काकांना चारशे.

सोमवारी काकांनी उशिरा अक्षता टाकल्या आणि गोखले मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "फक्त एक, पाहुणे आता जरा जास्तच पुढे बसलेत. मागे घ्याल? मला माहितीये, दोन दिवसांचं काम आहे."

मी मॅक्रोमधला एक आकडा बदलला आणि गेम परत चालवला. कॉल चालू असतानाच सगळे पाहुणे मागे सरकून बसले.

"झालं?" सरांनी हळूच विचारलं.

"झालं, सर."

त्यांनी परत माइक म्यूट केला. "एचआरला भेट."

आईला फोन केला. "आई, मी परमनंट झाले."

"ते मी कवाच सांगितलंय सगळ्यांना," ती म्हणाली आणि येताना कोथिंबीर आणायला सांगितली.

प्रोजेक्टच्या कागदपत्रांत त्या तिसऱ्या जागेचं नाव आता 'नॅचरल क्राउड टायमिंग' असं आहे. निखिलदादा नवीन इंटर्न्सना ते कसं सुचलं, हे समजावून सांगतो. मी मध्ये बोलत नाही. माझ्याकडून त्यांना एवढंच सांगणं असतं, की मॅक्रो जरूर करा, पण जुन्या फाईली उडवू नका. दुरुस्ती कधीही परत करता येते. चुका पुन्हा करायला बसलं तर त्या तशाच येत नाहीत.