वहिनींचा बचाव

परवा कपाट आवरताना व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर सापडला आणि त्याच्या झिजून गुळगुळीत झालेल्या बटणांवरून बोट फिरवताच जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमधला एक उन्हाळा आठवला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, हॉलमध्ये कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. फायटिंग गेममध्ये मी अख्ख्या अपार्टमेंटला हरवलं होतं. दादाचं लग्न नुकतंच झालेलं; मोहोळहून आलेल्या वहिनी कामापुरतंच बोलायच्या. एका दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "भावजी, मला बी शिकवा की." शिकवलं कसलं, रोज हरवलं. त्या उलट मारायच्याच नाहीत, नुसतं वार अडवायचं, ब्लॉकचं बटण दाबून माझ्या खेळाडूकडे टक लावून बघायच्या. "वहिनी, मारा की आता!" मी ओरडायचो. "थांबा, आधी तुमी कसं मारता ते कळू द्या," त्या म्हणायच्या. बरेच दिवस हेच चाललं. मग एकदा मी उडी घेतली आणि हवेतच त्यांच्या खेळाडूची लाथ बसली. पुन्हा उडी, पुन्हा लाथ. मी सपशेल हरलो. "उडी मारायच्या आधी तुमी दर खेपेला एक पाऊल मागं जाता," असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं असं हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आजही ऑनलाइन हरलेला एखादा मला विचारतो, एवढं कुणाकडून शिकलास? मी खरं ते सांगतो आणि त्याला वाटतं, मी त्याची थट्टा करतोय.