मामाजींच्या कमरेचं हाड

एक्स-रेच्या पुस्तकातला माणूस कायम चड्डीवर असतो. गोरा, गुळगुळीत, पोट आत घेतलेला, आणि तोंडावर असा भाव की याला जन्मात कशाची घाई म्हणून नाही. पानोपानी तोच. कधी उभा, कधी कुशीवर, कधी हनुवटी वर करून. लग्नानंतर मी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायला घेतला, तेव्हा हे विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्गातल्या एका मुलीकडून आणलं आणि जानेफळच्या आमच्या घरात पहिला गदारोळ त्या चड्डीवरून झाला.

"अव माय! याले कपडे घालाले काय धाड भरली?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तीच रीत. "अन् हे तू देवघराजवळ ठेवून राह्यली?"

"अभ्यासाचं आहे. पेशंटला कसं झोपवायचं ते आहे त्यात."

"झोपाले बी पुस्तक लागते? आमचे हे तं जेवता जेवता झोपते."

त्यांना काय सांगणार? बटण कोणीही दाबेल. खरी कला माणसाला नीट मांडण्यात असते. आतलं हाड दिसत नाही, ते बाहेरून ओळखायचं. कमरेच्या दोन्ही बाजूंची टोकं, कानामागचा उंचवटा, मानेच्या मागचा मणका. पुस्तक दर दुसऱ्या पानावर एकच बजावतं की बोटांनी चाचपून बघा. मी ते वाक्य गुलाबी पेनानं अधोरेखित केलं, पाठ केलं, आणि अकोल्याला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नेमकं तेच केलं नाही.

पेशंट म्हणून तिथलाच एक शिपाई झोपवला होता. कंबर आणि खुब्यांचा फोटो मांडायचा होता. मी दोन हात लांब उभी. "मामा, जरा वर सरका. मामा, थोडं खाली. नाही, इतकं नाही." फोटोचा मध्य दाखवणारी यंत्राच्या उजेडाची फुली शेवटी त्याच्या बेंबीवर जाऊन बसली.

परीक्षक सरांनी चष्मा वर केला. "बाई, खुब्याचा फोटो काढताय की बेंबीचा?" मग कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "हात लावल्याशिवाय हाड सापडत नसतं."

नापास.

काऊन लावला नाही हात? लाज, दुसरं काय! आठ वर्षं ज्या घरात सासऱ्यांना चहासुद्धा हातात दिला नाही, स्टुलावर ठेवून मागे सरकले, त्या घरातली मी सून. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं, तेही त्यांच्या पाठीमागे. ते माझ्याशी थेट बोलत नसत, गोठ्यातल्या गायीशी बोलत. "काय वं, आज चहा भेटते का नाही?" गाय काही बोलायची नाही, मी चहा ठेवायचे. इतकं सुरळीत चाललं होतं की कोणाला त्यात वावगं वाटलंच नाही.

नवरा संभाजीनगरला कंपनीत. फोनवर म्हणाला, "एक डाव अजून देऊन पाह्य. नाई जमलं तं पुस्तक बंद." मला असा राग आला की फोन गादीवर आपटला. गादीवरच, फरशीवर नाही, तेवढी अक्कल रागातही असते. पण खरं सांगते, आतून घाबरले होते. मेहकरच्या एका डॉक्टरांनी एक्स-रेची खोली माझ्यासाठी अडवून धरली होती, सर्टिफिकेट आणलं की रुजू व्हा म्हणाले होते. मला ती खोली हवी होती. दारावर 'आत येऊ नये' लिहिलेलं, आणि आत मी! आयुष्यात पहिल्यांदा बाकीच्यांनी बाहेर थांबायचं आणि मी आत.

सरावाला माणूस हवा, असं मी आत्याबाईंपाशी कुरकुरले होते. दुसऱ्या दिवशी मामाजी गायीला म्हणाले, "हिले सराव कराले मानूस पाह्यजे म्हणते. मी हाओ ना."

मग सुरू झाला आमचा दवाखाना. मामाजी वांग्याच्या वाफ्यातून येत, जेवत, आणि धोतर-बंडीवर तखतावर आडवे होत. मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन, डोक्यावर पदर. आणि मधे आत्याबाई, एका हातात बॅटरी, बॅटरीच्या तोंडाला फुली कापलेला पुठ्ठा. मी वाचायचे, "आत्याबाई, त्यांना सांगा, पायाचे अंगठे आत वळवा." आत्याबाई ओरडायच्या, "अजी, आयकलं का? अंगठे!" जणू मामाजी पलीकडच्या शिवारात आहेत.

"आता कमरेचं टोक शोधा, आत्याबाई. बाजूला, जरा खाली."

त्या शोधायच्या. म्हणजे काय, चाळीस वर्षांची उधारी वसूल करायच्या. "हे घ्या! लग्नात माह्या भावाले टोपी दिली नाई ना? हे घ्या!" मामाजी कण्हायचे, पण हलायचे नाहीत. पुस्तकातला गोरा त्यांच्यापुढे काहीच नाही. छातीच्या फोटोसाठी "श्वास भरून धरा" म्हटलं, तर मी पान उलटून चहाचं आधण ठेवून येईपर्यंत धरून बसले, आणि लालेलाल झाल्यावर आत्याबाईंना दया आली.

पंधरा दिवसांत आमची अशी तयारी झाली की फुली रोज बरोबर पडायची. मी खूश. गंमत बघा, ज्या एका गोष्टीपायी मी नापास झाले, तेवढी सोडून आम्ही तिघांनी सगळ्याचा सराव केला होता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

परीक्षा चार दिवसांवर आली आणि आत्याबाई भाचीच्या लग्नाला लोणारला गेल्या. दुपारी मामाजी नेहमीप्रमाणे आडवे झाले, अंगठे आत वळवले. मी उंबऱ्यात. बॅटरी स्टुलावर.

"काय झालं?" त्यांनी आढ्याला विचारलं.

मीही आढ्यालाच सांगितलं, "आत्याबाई परवा येतील. तेव्हा करू."

मामाजी उठून बसले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाई, परीक्षेतल्या मानसासाठी तू सासू कुठून आणशीन?"

मला हसूच फुटलं. पण ते हसत नव्हते.

"पुस्तकात काय लिवलं हाये?"

"चाचपून बघा."

"मंग? तुह्या पुस्तकापक्षा आमची रीत मोठी हाये का? लाव हात."

ते पुन्हा झोपले, डोळे मिटून. माझे पाय उंबऱ्यावरून निघता निघेनात. शेवटी गेले. हात आधी बरगडीवरच पडला. "खाली," ते डोळे मिटूनच म्हणाले, "म्हातारी लई खाली दाबत असते." आणि मग ते बोटांना लागलं. शंभरदा वाचलेलं हाड. वाफ्यांत वाकून वाकून मांस उरलंच नव्हतं त्या कमरेवर, टोक सरळ हातात आलं. मग दुसरं. मग मधला बिंदू. एका हातानं बॅटरी धरली, फुली जागेवर पडली. मी रडत होते, आणि ते म्हणाले, "दुसऱ्यांदा कर."

विरजण मागायला आलेली शेजारीण दारात उभी होती, हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. सुनेनं सासऱ्याच्या कमरेला हात लावला! मामाजी तिथंच बसले होते म्हणे. ते म्हणाले, "हाव, लावला. उद्या तुमचं हाड मोडलं तं तिच्याच पुढं झोपसान. तवा सांगजा, बाई, हात नोको लावू."

अकोल्याला तेच सर, तोच शिपाई. मी पदर खोचला. "मामा, हात लावते हं."

"हात थंडगार हाये बाई तुह्ये!"

"भीती वाटते मामा. पण हाड सोडणार नाही."

फुली पडली. सरांनी वाकून पाहिलं, स्वतः बोट ठेवून पाहिलं. "कुठे सराव केला?"

"सासऱ्यांवर, सर."

सरांनी कागदावर बरोबरची खूण केली. मग म्हणाले, "झालं तुमचं काम. निघा."

बाहेर येऊन घरी फोन लावला. आत्याबाईंनी उचलला. मी म्हटलं, मामाजींना द्या. त्या गडबडल्या, कोणाला म्हणून पुन्हा विचारलं. मग पलीकडे मामाजींनी श्वास भरून घेतलेला ऐकू आला, सोडलेला नाही.

"मामाजी, सापडलं."

मग आत्याबाईंनी फोन ओढून घेतला. "काय सांगितलं वं त्यायले? हे म्हातारं इथं रडून राह्यलं, नापास झाली का तू?"

"नाही हो आत्याबाई," मी म्हटलं, "पास झाले. त्यांना सांगा, श्वास सोडा आता."