ट्रॅक्टरला लावलेली आईची गाणी

माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या टेपमधून पेनड्राइव्ह काढत नाही, उपटतो. गाणं अर्ध्यात असतं, दिवा लुकलुकत असतो आणि हा खसकन ओढून खिशात टाकतो. खिशात किल्ल्या, तंबाखू आणि आमच्या कुंडल गावच्या अख्ख्या रस्त्याची धूळ. मी सांगलीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. हे बघितलं की माझं डोकं फिरतं. "आधी गाणं थांबव, मग काढ, आणि मागेल त्याला देत सुटू नकोस," म्हणून मी घसा कोरडा केला. त्याचं उत्तर ठरलेलं, "आक्का, त्याला काय व्हतंय?"

मग एकदा झालंच, आणि नेमकं आईच्या गाण्यांचं झालं.

आईचं माहेर औंध. तिथल्या यमाई देवीची गाणी तिला ढीगभर पाठ. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज बदलेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळी गाणी फोनवर घेतली आणि पेनड्राइव्हवर टाकली. ऑपरेशन झालं, आई ठणठणीत झाली, पण आवाज पार बसला. पुढं तो फोन हौदात पडला. पेनड्राइव्हची दुसरी प्रत काढावी म्हणेपर्यंत भावानं तो उसाच्या खेपेला नेलाही होता.

भाऊ परत आल्यावर मी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तर आत काहीच दिसेना. फॉरमॅट करायचं का, असं मशीन विचारायला लागलं. भाऊ 'हो' दाबायला निघाला होता; मी त्याच्या हातावर फटका मारला. सांगलीतल्या दुरुस्तीवाल्यानं बरीच खटपट करून शेवटी मान हलवली. मी भावाशी बोलणंच टाकलं आणि आईजवळ बसून रडले.

आई तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी हाय की जित्ती. रडतीस कशाला?"

भाऊ दारात उभा होता. एकदम म्हणाला, "आक्का, जतच्या गड्याकडं असतील बघ!"

साखर कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागली की नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोकांना दुसरं काम नसतं. एकमेकांचे पेनड्राइव्ह घ्यायचे आणि आवडतील ती गाणी आपल्या मोबाइलात भरून घ्यायची, ही तिथली रीतच. जतच्या एका ड्रायव्हरनं आईची गाणी अशीच घेतली होती. पुढच्या खेपेला भावानं त्याला हुडकून काढलं. गाणी होती, सगळी. तो म्हणाला, "पुसतोय कशाला? आमच्या आईला कानडीच येतंय, मराठी येत न्हाई, पर भाकऱ्या थापताना तिला हेच लागतंय."

ज्या सवयींवरून मी भावाला शिव्या घालायची, त्यातलीच एक आमच्या कामी आली. मला हसू आवरेना. आता गाणी माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, भावाच्या फोनमध्ये आहेत आणि कपाटातल्या एका पेनड्राइव्हवर आहेत, ज्याला ट्रॅक्टर दाखवायचासुद्धा नाही.

गाणी परत आली त्या दिवशी आम्ही तिघं ऐकत बसलो. शेवटचं गाणं संपलं आणि मी विसरूनच गेलेलं काहीतरी वाजलं. आईचा तो जुना, खणखणीत आवाज मला विचारत होता, "झालं का गं? आलं का सगळं त्यात?"

शेजारी बसलेली आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आलं, बाई. सगळं आलं."