उदयच्या टाकीतलं पेट्रोल

जोतिबाला मी दर वर्षी जातो, डोकं टेकतो, गुलाल लावून घेतो — पण ही गोष्ट तिथंसुद्धा मनातल्या मनात कधी म्हटलेली नाही. बायकोला माहीत नाही. आईला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही उदयला ओळखत नाही.

तसा मी बरा माणूस आहे, असं लोक म्हणतात. कळंब्याच्या पुढं एका माळावर रविवारी सकाळी पोरांना मोटोक्रॉस, म्हणजे मातीत उड्या मारत गाडी पळवायला, शिकवतो. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तर किकला पाय लावू देत नाही. पालकांना ते आवडतं. — हे आधी का सांगतोय? बहुतेक वेळ काढतोय.

बरं, गाड्यांपासून सुरू करतो.

मी आणि उदय शाळेपासूनचे दोस्त. दोघांच्याही गाड्या टू-स्ट्रोक, जुन्या, कुणीतरी वापरून सोडलेल्या. टू-स्ट्रोक म्हणजे खोंड. कासरा जरा ढिला पडला की उधळलंच. तिच्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर आतला पिस्टन तापून धरतो, म्हणजे जाम होतो, आणि मागचं चाक आहे तिथंच अडकतं. आमच्या दोघांत एकच कॅन असायचा. "ऑइल घातलंस का?" हे आम्ही "जेवलास का?" म्हटल्यासारखं विचारायचो.

मग मी फोर-स्ट्रोक घेतली. सगळे तिकडंच वळत होते, आपण का मागं राहायचं? तिला साधं पेट्रोल लागतं, ऑइल इंजिनात वेगळं असतं. म्हणून आमचे कॅन दोन झाले — माझा पांढरा, त्याचा हिरवा.

आणि खरं सांगू? ती गाडी मला जमली नाही. वजनाला रेडा. थ्रॉटल सोडला की आपसूक मागं ओढायची, पडली की गरम इंजिन किकला दाद द्यायचं नाही. मी धुळीत उभा राहून किका मारतोय आणि उदय त्याच जुन्या गाडीवर बाजूनं सुसाट जातोय, असं हंगामभर चाललं. माळावरची माणसं सोडतात होय? "भावा, रेडा इकून खोंड घे की परत!" उदयही हसायचा. त्याच्या मनात काही नसायचं. मला मात्र लागायचं, आणि मी ते दाखवत नव्हतो.

त्या दिवशी शर्यत होती. गावठीच — सगळ्या गाड्या एकत्र सोडायचे. सकाळचा सराव उदयनं टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर केला होता, ते संपत आलं होतं. शर्यतीआधी तो गुडघ्यांना पॅड बांधत बसला होता, मला म्हणाला, "तेवढी टाकी भर की माझी." मी भरली. हाताला लागला तो कॅन घेतला, आणि तो माझा पांढरा होता. हे चुकून झालं. विश्वास ठेवा, नका ठेवू. इथवर चूकच होती.

सुरुवातीच्या रेषेवर तो माझ्या शेजारी उभा होता. टू-स्ट्रोक निळसर धूर सोडते, त्याला ऑइलचा वास असतो. नळीतलं जुनं पेट्रोल होतं तोवर धूर होता. मग पातळ झाला. मग दिसेनासाच झाला — आणि मला कळलं. लगेच कळलं. निशाण अजून पडलं नव्हतं. हात वर केला असता तर सगळं थांबलं असतं. केला का मी हात वर? नाही केला. मनात एवढंच आलं, की एक-दोन फेऱ्यांत ह्याची गाडी गपकन बंद पडेल आणि आज एकदा तरी हा माझ्या मागं राहील. तो पडेल असं वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण इंजिन धरलं की चाक अडकतं, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या फेरीत, मोठ्या उडीच्या चढावर धरलं. तो पुढं फेकला गेला आणि गाडी त्याच्या डाव्या पायावर आली. मी मागंच होतो. त्याच्या बाजूनं पुढं गेलो. मग आयोजकांनी शर्यत थांबवली.

तुम्हाला वाटेल, ते दृश्य अजून स्वप्नात येत असेल. नाही येत. मला झोप चांगली लागते.

सगळे त्याच्याकडं धावले. मी आमच्या सामानाकडं गेलो. हिरव्या कॅनमधलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल झुडपामागं ओतलं, माझं साधं त्यात भरलं, आणि मग धावलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रडलोही. ते रडणं खोटं नव्हतं — पण त्यानं काय फरक पडतो?

मेकॅनिकनं इंजिन खोललं, हिरवा कॅन हुंगला. "आरं, ह्यात ऑइलच न्हाय की!" दवाखान्यात उदय म्हणत राहिला, "मी घातलंतं. मला आठवतंय, घातलंतं." काही दिवसांनी त्याचं "घातलंतं वाटतंय" झालं. मग तो गप्प झाला.

त्याचं ते गप्प बसणं मला बघवेना, म्हणून मी चेष्टा सुरू केली. त्याच्याच घरात, त्यानं केलेला चहा हातात घेऊन म्हणालो, "साखर घातलीस न्हवं, का ऑइलागत इसरलास?" सगळे खदाखदा हसले. मग काय, लग्नात, बारशात, कट्ट्यावर, जो तो तेच. कोल्हापूरकराच्या तावडीत एकदा सापडलं की सुटका आहे का? पण पहिल्यांदा मी बोललो होतो.

उदय शिकलेला फार्मासिस्ट. थोरल्या भावाच्या मेडिकलमध्ये काउंटरवर असायचा. हळूहळू गोळ्यांची पाकिटं दोन-दोनदा वाचायला लागला. मग गिऱ्हाइकाला रस्त्यातून परत बोलवायला लागला. एक दिवस स्वतःच भावाला म्हणाला, "मला मागं बसीव. माझ्या हातनं कुणाचा तर जीव जायचा." आता तो मागं खोकी फोडतो, माल लावतो. घराला कुलूप घालून निम्म्या वाटेतनं परत जातो. गुडघा दुमडत नाही, पंगतीला खुर्ची लागते, पण गुडघ्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. डोकंच इसराळू माझं, एवढंच म्हणतो.

यंदा त्याची पोरगी माझ्याकडं शिकायला आली. अकरावीत आहे. चालवते अशी, नाद खुळा! सोडायला उदय स्वतः आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडी तूच तपासत जा बाबा. माझ्यावर नगं सोडूस." मी बरं म्हणालो.

गेल्या रविवारी ती एकटीच लवकर आली. बाकीची पोरं यायची होती. गाडी पुसता पुसता तिनं विचारलं, "काका, पप्पा म्हणत्यात, त्ये सोताच ऑइल घालायला इसरलेले. आज्जी म्हणती, माझं पोरगं असं करायचंच न्हाय. तुम्ही हुता की तितं. खरंच इसरलेले का ओ?"

हातातलं फडकं थांबवून ती माझ्याकडं बघत राहिली. माळावर दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती, भरपूर वेळ होता.

"व्हय," मी म्हणालो. "इसरलावता."

तिनं मान हलवली. "मग माझं डोकं त्यांच्यावरच गेलंय," म्हणाली. "मी पण लई इसरते."

मी तिला हेल्मेट दिलं आणि पट्टा आवळायला सांगितलं.