हमीदचा शिकरा

दिवाळीच्या सुट्टीत पुणे सोडलं. अमरावतीला मावशीकडे राहून बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. बाहेर काळी जमीन भेगाळली होती. भादव्यापासून पाऊस नव्हता; ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती.

स्टेशनावर हमीद दमणी (हलकी बैलगाडी) घेऊन आला होता. नागपूरच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता तो अकोल्याजवळ शेती करतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो.

घरी त्याच्या अम्मींनी भाकर आणि वांग्याची झणझणीत भाजी वाढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तशी त्यांनी हसून दह्याची वाटी सरकवली. अंगणात दांडीवर लाल डोळ्यांचा शिकरा, छोटा शिकारी पक्षी, बसला होता, हमीदने पिल्लापासून वाढवलेला. दर साली तो ज्वारीतले लावे पक्षी धरायचा. यंदा पीक नाही, म्हणून लावे नाहीत. हमीद त्याला घरची कोंबडीची पिल्लं घालत होता.

"घरातले दाने कोंबड्याइले, कोंबड्या ह्याले," अम्मी मला म्हणाल्या. "मंग आमी काय खावं, बेटा?"

हमीद ओशाळून माझ्याकडे वळला. "तू पोराइले हेच शिकवतं ना? एवढ्याशा पाखराले इतकं काहून लागते?"

मी म्हणालो, "पीक उन्हावर वाढतं. दाण्यातली बरीचशी शक्ती कोंबडीच्या धावण्यात, अंगाची ऊब राखण्यात संपते. मांसात थोडीच उरते. शिकऱ्याच्या अंगी लागते ती त्याहून थोडी."

"म्हंजे ह्याच्या पोटामागं आख्खं वावर (शेत) पाह्यजे."

"हो. मोकळा असला तर शिवारं पालथी घालेल. सरडे, टोळ, मिळेल ते खाईल."

हमीद बराच वेळ त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला.

सकाळी शिकऱ्याला सोडायला आम्ही मोर्णा नदीवर गेलो. अम्मीही आल्या. हमीदने शिकऱ्याच्या पायातली चामडी दोरी कापली आणि हात उंचावला. शिकरा समोरच्या बाभळीवर जाऊन बसला आणि आमच्याकडे पाहत राहिला. हमीदने शीळ घातली की तो हातावर यायचा, हे तिघांनाही ठाऊक होतं. हमीदने ओठ घट्ट मिटले. अम्मींनी त्याचा दंड धरला. शेवटी शिकरा उडाला आणि नदीपलीकडे दिसेनासा झाला.

"उपाशी तं नाही राहनार ना?" अम्मींनी विचारलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. अन्नसाखळीचा हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने शिकवत आलो. आता वर्गात तो काढला की 'थोडंच उरतं' म्हणताना मी जरा थांबेन. त्या थोडक्यावर कुणीतरी जगत असतं, आणि कुणाचातरी त्याच्यावर जीव असतो.