भिंतीजवळची पावलं

एका माणसाने काढलेला आकडा हे मत असतं. दोन माणसांनी वेगवेगळं बसून काढलेला एकच आकडा हे सत्य असतं. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब ही वाक्यं उभं राहून म्हणत, आणि पाहुणे असले तर इंग्रजीत म्हणत. नियम मात्र ते खरोखर पाळायला लावत. आम्हा दोघा तात्पुरत्या गणकांची टेबलं खोलीच्या दोन टोकांना होती आणि उत्तर हाती येईपर्यंत एकमेकांशी बोलायची मनाई होती. हवापाण्याबद्दलसुद्धा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी ठाकूरद्वारला राहत असे, माझा जोडीदार नायगावच्या चाळीत. त्याचे वडील गिरणीत होते. हरताळ असला की आम्ही दोघंही परळच्या प्रयोगशाळेपर्यंत चालत येत असू, कारण तात्पुरत्या माणसाला हरताळ परवडत नाही. घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला, त्यानंतर साहेब त्याच्याशी जास्त अदबीने बोलू लागले, आणि पुष्कळ कमी.

काम असं होतं. शेजारच्या खोलीत काचेची एक नळी होती. आतली हवा उपसून तिच्यात अगदी थोडा वायू ठेवलेला. वीज सोडली की तो जांभळा उजळे. नळीच्या मध्यापासून काचेपर्यंत विजेचा दाब कसा उतरत जातो, हे आमचं नवं गणकयंत्र, एक अख्खी खोली अडवून, समीकरणांवरून सांगत असे. ते बरोबर सांगतं की नाही हे पडताळणं आमच्याकडे. मध्यापासून नळीच्या भिंतीपर्यंत, म्हणजे काचेपर्यंत, यंत्र हिशेब करत एकसारख्या लांबीच्या चाळीस पावलांत जाई. आम्हीही हँडल फिरवायच्या यंत्रांवर तीच चाळीस पावलं टाकत असू. सहा आठवडे लागले. तिन्ही उत्तरं चौथ्या दशांशापर्यंत जुळली. साहेबांनी आमच्याशी हस्तांदोलन केलं. दिल्लीहून एक बडे पाहुणे येणार होते. त्याआधी अहवाल तयार झाला, तर आम्हा दोघांना कायम करायचं ठरलं होतं.

नळी तेवढी जुळेना. तिच्यात बारीक तार घालून मोजलेला भिंतीजवळचा आकडा वेगळाच येई. साहेब म्हणाले, नळीत गळती असणार.

जेवणाच्या सुट्टीत आवारातल्या कट्ट्यावर डबा उघडताना जोडीदार म्हणाला, "अरे, आपण पडताळतोय काय? यंत्र जी चूक करतं, तीच आपण हाताने करतोय. स्वच्छ अक्षरात."

"पण जुळतंय ना?"

"जुळणारच! दोन पोरांनी एकाच वहीतून उतरवलं तर जुळत नाही काय?" मग भाकरी मोडत म्हणाला, "भिंतीजवळ दाब एकदम कोसळतो रे. आमच्या जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या तुटल्यात. तिथं नेहमीसारखं पाऊल टाकून बघ एकदा, म्हणजे कळेल तुझ्या ठाकूरद्वारला."

त्याने भिंतीजवळची पावलं निम्म्या लांबीची केली, मग त्याच्याही निम्म्या, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. ते जिथे थांबलं तो आकडा त्याने मला सांगितला नाही. "तू पण कर. नाहीतर माझं नुसतं मत होईल," असं म्हणून हसला.

मी केलं, फक्त भिंतीजवळच्या भागापुरतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर तासभर, असे नऊ दिवस. दोन्ही कागद कट्ट्यावर शेजारी ठेवले तेव्हा ते चौथ्या दशांशापर्यंत जुळले. नळीतल्या तारेशीही जवळजवळ जुळले. नळीत गळती नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने आपला कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी मागे उभा होतो. साहेबांनी तो बराच वेळ वाचला. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही.

"अहवाल टाइप होऊन बसलाय," ते म्हणाले.

"पुन्हा होईल, साहेब."

"आपली पद्धत ठरलेली आहे."

"पद्धत ठरलीय. नळीला कुणी विचारलं नाही."

त्या खोलीत विनोद करण्याचा अधिकार एकट्या साहेबांचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही हे स्वतंत्रपणे करून पाहिलंत?"

माझा कागद शर्टाच्या खिशात होता, चार घड्या घातलेला. धैर्यावर मी बरंच वाचलं आहे. त्या पुस्तकांतल्या कुणाचीही नोकरीची मुदत महिनाअखेरीस संपत नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे हे एकट्याचं झालं," साहेब म्हणाले, जवळजवळ प्रेमाने.

जोडीदाराने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. खिशाकडे पाहिलं. कागद उचलून तो बाहेर आला, आणि व्हरांड्यात एवढंच म्हणाला, "जुळला होता ना रे?"

"हो."

"मग झालं."

अहवालाच्या शेवटच्या पानावर 'केले' आणि 'पडताळले' अशा दोन सह्या लागत. 'केले'खाली मी सही केली. 'पडताळले'खाली त्याने केली नाही, तेव्हा साहेबांनी स्वतः केली. एकही गुणाकार न करता. महिनाअखेरीस त्याची मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. मला कायम केल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं.

पाहुण्यांच्या दिवशी फरशी दोनदा पुसली. नळी कपाटात ठेवली. साहेब साडेनऊपासून दारात उभे होते. अकरा वाजता फोन आला की लालबागला मोर्चा आहे, रस्ता बंद आहे, पाहुणे परस्पर विमानतळावर गेले. त्यांच्यासाठी आणलेले पेढे दुपारी माणशी एक असे आम्हालाच वाटले. हजेरीपटावरून जोडीदाराचं नाव अजून कमी केलेलं नव्हतं, म्हणून एक जास्त झाला. तो मला दिला. मी खाल्ला.